हौद आणि तळें

मी लहान असतांना आमच्या घराच्या मागील अंगणांत एक दगडी हौद होता. दर शनिवारीं तो उपसावयाचा, नारळाच्या शेंडीनें घासावयाचा आणि पुन्हां काठोकाठ भरावयाचा, असा आईचा शिरस्ता असे. तळाशीं हिरवट, बुळबुळीत थर दिसूं लागला कीं ती म्हणे, "पाणी आजारी पडलं." त्या आजारावर घासणी हें एकच औषध आम्हां भावंडांना ठाऊक होतें; आणि स्वच्छ पाणी म्हणजे ज्यांत कांहींहि नाहीं असें पाणी, ही व्याख्या कोणी न शिकवितांच आमच्या मनांत रुजून बसली होती. पुढें शाळा झाली, कॉलेज झालें, पदव्या पदरांत पडल्या आणि प्राणिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मी स्वतःच इतरांना शिकवूं लागलों. शिक्षणानें माणसाच्या पुष्कळ समजुती बदलतात असें म्हणतात. माझा अनुभव असा कीं, त्या डोक्यांतून जातात, पण हातांतून जात नाहींत. या गोष्टीची जी प्रचीति मला उतारवयांत आली, ती सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास बसलों आहें.

हायड्रा नांवाचा गोड्या पाण्यांतला एक इवलासा जीव आमच्या अभ्यासक्रमांत पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून बसलेला आहे. १७४० नंतरच्या दोन-चार वर्षांत हॉलंडमध्यें आब्राहाम त्राँब्ले नांवाच्या एका खाजगी शिक्षकानें, एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवितां शिकवितां, या जीवाचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यापासून पुन्हां एक सबंध हायड्रा तयार झालेला पाहिला. १७४४ सालीं त्यानें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि वनस्पति कोणती व प्राणी कोणता याविषयींच्या युरोपांतील विद्वानांच्या कल्पनांना मोठाच हादरा बसला. ही कथा मी वर्गांत दरवर्षीं मोठ्या रंगांत येऊन सांगत असें. एके दिवशीं मागल्या बांकावरच्या एका मुलीनें विचारलें, "सर, हायड्रा जिवंत असतांना कोणत्या रंगाचा दिसतो?" आमच्या प्रयोगशाळेंतला हायड्रा कांचपट्टीवर चिकटविलेला आणि गुलाबी रंगांत बुडविलेला होता. पुस्तकांत होतें तें उत्तर मीं दिलें. तें बरोबरहि होतें. पण घरीं जातांना माझ्या पायांत कांहीं बळ राहिलें नाहीं. कारण त्या वेळीं माझें वय बेचाळीस होतें, अध्यापनाचीं सोळा वर्षें मागें पडलीं होतीं, आणि जिवंत हायड्रा मीं स्वतः जन्मांत कधीं पाहिला नव्हता.

पुढल्याच रविवारीं मी गांवाबाहेरच्या एका जुन्या खाणींतील डबक्यावर गेलों आणि पाणवनस्पतींच्या जुड्या भरून आणल्या. कांचेच्या भांड्यांत दोन तास त्या तशाच राहूं दिल्यावर एका पानाच्या खालच्या अंगाला तपकिरी धाग्याएवढें कांहीं लोंबतांना दिसलें. त्यानें आपले हात हळूहळू पसरले. मीं चमचा वाजविला तसे ते मिटले. तो क्षण मी विसरलों नाहीं. विद्यापीठाच्या आवारांत एखादें तळें असावें, ही कल्पना मनांत आली ती त्याच दिवशीं.

ही कल्पना कांहीं नवीन नव्हे. समुद्राच्या जीवसृष्टीचा अभ्यास करण्यासाठीं नेपल्स येथें १८७२ सालीं केंद्र निघालें. गोड्या पाण्याच्या वांट्याला हें भाग्य जवळजवळ वीस वर्षांनीं आलें. जर्मनींतील प्लोन गांवीं ओटो झाखारियास या गृहस्थानें सरोवराच्या कांठीं आपलें केंद्र उभें केलें तें १८९१-९२ च्या सुमारास. त्याच वेळीं स्वित्झर्लंडांत फोरेल हा जिनीव्हा सरोवराचें तपमान, लाटा, गाळ आणि जीव या साऱ्यांची नोंद करून त्याचे तीन खंड सिद्ध करण्यांत गुंतला होता. सरोवर म्हणजे एक लहानसें स्वयंपूर्ण जगच आहे, हें अमेरिकेंतील स्टीफन फोर्ब्स यानें १८८७ सालींच सांगितलें होतें. विस्कॉन्सिन विद्यापीठाचें भाग्य तर असें कीं, मेंडोटा सरोवर त्याच्या दाराशींच पसरलेलें आहे. तेथें बर्ज नांवाचा प्राध्यापक १८७५ सालीं शिकवावयास गेला, पुढें त्याच सरोवराच्या पाण्यांत त्यानें आयुष्य वेंचलें, आणि १९१८ ते १९२५ पर्यंत तो विद्यापीठाचा अध्यक्षहि झाला. तळ्यांतले सूक्ष्म जीव मोजणाऱ्या माणसाच्या हातीं विद्यापीठ सोंपविलें तरी तें बुडत नाहीं, एवढें तरी त्यावरून सिद्ध होतें.

हा सगळा इतिहास मीं समितीपुढें मांडला. समितींतील एक सद्गृहस्थ म्हणाले, "गांवापासून दहा मैलांवर धरण आहे. मुलांना वर्षांतून एकदां तेथें सहलीला न्या, म्हणजे झालें." त्यांना मीं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही कीं, तळ्याला भेट देणें आणि तळ्याच्या शेजारीं राहणें यांत पाहुणा आणि शेजारी यांच्याइतकें अंतर आहे. पाहुण्यासमोर घर नेहमींच आवरलेलें असतें; घरांत पहांटे काय चालतें आणि आषाढांत काय गळतें, तें शेजाऱ्याला कळतें. दुसरी ही कीं, गांव ज्या धरणाचें पाणी पितें त्यांत प्रयोग करतां येत नाहींत. १९५१ सालीं विस्कॉन्सिनच्याच हॅस्लरनें पीटर आणि पॉल या दोन जोडतळ्यांच्या मधोमध मातीचा बांध घातला, पीटरमध्यें चुना टाकला आणि पॉलला तसेंच ठेवलें. १९६८ सालीं कॅनडांतील आँटेरिओ प्रांताच्या वायव्येस सबंध तळींच्या तळीं प्रयोगासाठीं राखून ठेवण्यांत आलीं, आणि १९७३ सालीं त्यांतल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याचे प्लास्टिकच्या पडद्यानें दोन भाग केले गेले. एका भागांत कर्ब आणि नत्र घातलें, दुसऱ्यांत त्यांच्या जोडीला स्फुरदहि घातलें. स्फुरदाचा भाग थोड्याच आठवड्यांत शेवाळानें हिरवागार झाला. दुसरा होता तसा राहिला. साबणाच्या भुकटींतलें स्फुरद नद्या-तळीं कशीं नासवितें याविषयीं वर्षानुवर्षें चाललेला वाद विमानांतून घेतलेल्या त्या एका छायाचित्रानें जवळजवळ मिटविला. शेजारीं न बदललेलें तळें असल्यावांचून बदललेल्या तळ्याला कांहीं अर्थ नसतो. म्हणून मीं एक मोठें तळें आणि सहा लहान, एकसारखीं तळीं मागितलीं.

समितीनें होकार दिला. पण हा खर्च कोणत्या सदराखालीं टाकावा, असा प्रश्न हिशेबखात्याला पडला. इमारत म्हणावी तर छप्पर नाहीं. उपकरण म्हणावें तर हमीपत्र नाहीं. अखेर 'उद्यान व सुशोभन' या सदरांत तें बसविण्यांत आलें. मीं हंसून सही केली. ती सही मला पुढें किती महाग पडणार आहे, याची त्या वेळीं मला कल्पना नव्हती.

सदराप्रमाणें नकाशा आला. कमळाच्या आकाराचा सिमेंटचा खळगा, भोंवतीं फरशी, मधोमध कारंजें आणि त्यावर रंगीत दिवे! तो पाहून मला आमच्या मागील अंगणाची आठवण झाली. हा तर आईचाच हौद, फक्त शहरांत जाऊन शिकून आलेला! मीं नकाशा परत केला आणि शेततळीं खणणाऱ्या एका ठेकेदाराला गांठलें. २०१६ सालापासून सरकारनें मागेल त्याला शेततळें देण्याची योजना काढली, तेव्हांपासून आमच्या बाजूला या कामांत तरबेज झालेले लोक पुष्कळ आहेत. आमची जमीन मुरमाड; तिच्यांत पाणी ठरत नाहीं. म्हणून खड्ड्याला शेततळ्याचा जाड कागद अंथरला. एरवीं शेतकरी तो उघडाच ठेवतो. आम्हीं त्यावर वीतभर माती पसरली. कारण मुळांना, शिंपल्यांना आणि गाळांत घर करणाऱ्या किड्यांना पाय रोंवावयास जागा हवी. कांठ उभा न ठेवतां उतरता केला आणि पाण्याखालीं हातभर रुंदीची एक पायरी ठेवली. झाडांपासून दूरची जागा निवडली, कारण पडलेला पाला कुजला म्हणजे पाण्यांतला प्राणवायु खाऊन टाकतो. भोंवतीं कुंपण घातलें. ठेकेदार मला म्हणाला, "सर, एवढी माती टाकली तर पाणी गढूळ दिसणार." मीं म्हटलें, "दिसूं द्या."

जूनमध्यें छपरांवरचें पावसाचें पाणी नळ्यांतून आणून सातहि तळीं भरलीं. खड्डे भरले, तळीं मात्र अजून झालीं नव्हतीं. तळें बांधतां येत नाहीं, हा पहिला धडा आम्हांला त्या पावसाळ्यांत मिळाला. प्रथम आल्या त्या डासांच्या अळ्या. आरोग्यखात्याचा माणूस चौकशीला आला आणि गप्पी मासे सोडा असें बजावून गेला. गप्पी अळ्या खातात हें खरें, पण अळ्यांबरोबर इतर सूक्ष्म जीवांचाहि ते फडशा पाडतात. मीं दोन महिन्यांची मुदत मागितली, आणि विद्यार्थी रोज सकाळीं ओगराळें बुडवून अळ्या मोजूं लागले. तिसऱ्या आठवड्यांत उताणे पोहणारे पाणढेकूण कोठून तरी उडत आले. मग चतुरांनीं अंडीं घातलीं आणि त्यांचीं पिलें आपला घडीचा जबडा पुढें फेंकून शिकार करूं लागलीं. मुदत संपण्यापूर्वींच ओगराळ्यांत अळी सांपडेनाशी झाली. आरोग्यखात्याच्या माणसानें स्वतः दहा वेळां ओगराळें बुडवून पाहिलें आणि कांहीं न बोलतां तो निघून गेला.

सहा लहान तळ्यांनीं आम्हांला आणखी चकविलें. माप तेंच, माती तीच, पाणी तेंच. तरी वर्षभरांत दोन हिरवीं झालीं, तीन नितळ राहून पाणवनस्पतींनीं भरलीं, आणि एक कधीं असें, कधीं तसें राहूं लागलें. आधीं कोण येऊन बसला यावर पुढें कोणाला जागा मिळेल हें पुष्कळसें ठरतें. विद्यार्थी दर सोमवारीं दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यांत सोडीत आणि ती दिसेनाशी होते तें अंतर टिपीत. ही साधी युक्ति सेक्की नांवाच्या इटालियन धर्मगुरूनें १८६५ सालीं भूमध्य समुद्रांत करून पाहिली होती. तेव्हांपासून जगांतील तळ्यांची नितळता बहुतेक तिनेंच मोजली जाते. मोठ्या तळ्यांत दुसऱ्या वर्षीं हायड्रा सांपडला. तो दाखवितांना मला कांचपट्टीची गरज लागली नाहीं, आणि त्याचा रंग कोणता, हें विचारण्याची गरज कोणाला लागली नाहीं.

असे तीन पावसाळे गेले. मग फेब्रुवारींत मूल्यांकनासाठीं बाहेरची समिती येणार असल्याचें कळलें. 'आवार स्वच्छ व नीटनेटकें ठेवावें' असें परिपत्रक निघालें. मी त्या शनिवार-रविवारीं परगांवीं एका लग्नाला गेलों होतों. सोमवारीं सकाळीं येऊन पाहतों तों मोठ्या तळ्यांत आरशासारखें पाणी! तळाच्या कागदाची सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी, इतकें निर्मळ. हवेंत ब्लीचिंग पावडरचा वास भरून राहिला होता. तळें 'उद्यान व सुशोभन' या सदरांत असल्यामुळें परिपत्रक सरळ उद्यानविभागाकडे गेलें होतें. माळीमामांनीं दोन गडी हातीं घेऊन, मोटार लावून, दीड दिवसांत तळें उपसलें, खरवडलें, धुतलें आणि कूपनलिकेच्या पाण्यानें भरलें होतें. मागच्या बाजूचीं सहा तळीं रस्त्यावरून दिसत नाहींत, म्हणून तेवढीं वांचलीं. दुपारीं समिती आली आणि तळ्याकडे पाहून एक सभासद म्हणाले, "उत्तम निगा ठेवली आहे." तसा शेराहि त्यांनीं लिहिला.

समिती गेल्यावर मीं माळीमामांना बोलावलें आणि जे शब्द ऐकविले ते येथें लिहिण्याजोगे नाहींत. ते माझ्याहून वयानें मोठे. पण तेंहि भान मला राहिलें नाहीं. ते मान खालीं घालून ऐकत होते. माझा दम संपल्यावर ते म्हणाले, "सर, तीन वरसं मी रोज हितं उभा हाय. पोरं येत्यात, काचंतनं बघत्यात, वहीत लिवत्यात. आत काय हाय ते मला कुनी कधी दावलं न्हाई. मला शेवाळ दिसलं, मी शेवाळ काढलं."

मला उत्तर सुचलें नाहीं. या तीन वर्षांत मीं तें तळें पाहुण्यांना दाखविलें होतें, शाळेंतल्या मुलांना दाखविलें होतें, हिशेबखात्याच्या कारकुनालाहि एकदां आग्रहानें नेलें होतें. जो माणूस दिवसांतून चार वेळां त्याच्या कांठानें जात होता, त्याला मात्र मीं 'मामा, जरा बाजूला व्हा' याखेरीज कांहीं म्हटलेलें मला आठवेना. त्यांच्या हातांत माझ्या आईचीच घासणी होती. ती मीं लहानपणीं स्वतः हातीं धरलेली. ती हातांतून सुटावयास मला पदव्या लागल्या, डबकें लागलें, एका मुलीचा प्रश्न लागला. त्यांना त्यांपैकीं कांहींहि न देतां ती आपोआप सुटावी, अशी माझी अपेक्षा होती. मीं त्यांची क्षमा मागितली. तें त्यांना माझ्या रागाहून अवघड गेलें असें दिसलें.

मग मीं विचारलें, "मामा, काढलेला गाळ कोठें टाकलात?"

"टाकतोय कशाला? सोनं हाय ते. कलमांना घातलाय."

रोपवाटिकेंतल्या आंब्याच्या कलमांच्या बुडाशीं तो गाळ वाळत पडला होता. ब्लीचिंग पावडर तळें खरवडल्यानंतर टाकलेली, तेव्हां गाळाला तिचा स्पर्श झाला नव्हता. पाण्यांतले पुष्कळसे सूक्ष्म जीव वाईट दिवस येणार असें दिसलें कीं जाड कवचाचीं अंडीं घालतात. डॅफ्नियाचीं अशीं अंडीं घोड्याच्या खोगिरासारख्या डबींत असतात. तीं वाळतात, गाळांत गाडलीं जातात आणि कित्येक दशकांनींसुद्धां उमलल्याचे दाखले आहेत. सह्याद्रीच्या सड्यांवरचीं पावसाळी डबकीं उन्हाळ्यांत ठणठणीत कोरडीं पडतात आणि पहिल्या पावसांत पुन्हां जिवंत होतात, तीं याच बळावर. आम्हीं मोठें तळें पुन्हां रिकामें केलें, उन्हांत तापूं दिलें, माती पसरली आणि कलमांच्या बुडचा गाळ चाळीस घमेलीं भरून परत आणला. चाळीसहि घमेलीं मामांनीं स्वतः उचललीं. मला हात लावूं दिला नाहीं.

जूनमध्यें पाऊस झाला. नवव्या दिवशीं सकाळीं मीं पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला आणि विद्यार्थ्यांच्या आधीं मामांना हांक मारली. ते पायांतल्या वहाणा बाहेर काढून आंत आले. एक डोळा मिटावयास त्यांना थोडा वेळ लागला. मग बराच वेळ ते हालले नाहींत. "सर," शेवटीं ते हळूच म्हणाले, "ह्याचं काळीज दिसतंय की!" डॅफ्नियाचें अंग कांचेसारखें असतें, पाठीकडच्या बाजूला त्याचें हृदय भराभर उडतांना स्पष्ट दिसतें. माझ्या वर्गांत हें वाक्य इतक्या वर्षांत कोणीहि उच्चारलें नव्हतें.

सर्वच कांहीं परत आलें असें मात्र नाहीं. मागच्या सहा तळ्यांशीं ताडून पाहिल्यामुळें काय गेलें याची आम्हांला मोजदाद करतां आली. सूक्ष्म जीव गाळांतून आले, चतुर आणि पाणढेकूण पंखांवरून आले. पण ज्यांना ना पंख ना तशीं अंडीं, त्या गोगलगायी फार उशिरा आणि थोड्याच दिसल्या. हायड्रा सांपडावयास चौदा महिने लागले. दीड दिवसाच्या सफाईचा हिशेब असा आहे. एका विद्यार्थिनीनें त्यावर आपला प्रबंध लिहिला, आणि ऋणनिर्देशांत मामांचें नांव घातलें. ते लाजले, पण त्या पानाची एक प्रत मात्र त्यांनीं मागून घेतली.

मामांनीं अलीकडे तळ्यांत एक बांबू रोंवला आहे. त्यावर बोटाबोटाच्या अंतरानें खांचा पाडल्या आहेत. रोज सकाळीं ते पाण्याची पातळी एका जुन्या दैनंदिनींत टिपतात. बेडूक प्रथम ओरडले तो दिवस, बगळा आला तो दिवस, हेंहि टिपतात. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी नुसतें वाफ होऊन जातें, हें मी पुस्तकांवरून शिकवीत असें. आतां विद्यार्थी मामांचीं बोटें मिलिमीटरांत बदलून तोच आंकडा काढतात.

तळ्याचा खर्च अद्यापि 'उद्यान व सुशोभन' याच सदरांत पडतो. तो 'प्रयोगशाळा' या सदराखालीं घ्यावा असा अर्ज मीं सफाईच्या दुसऱ्याच दिवशीं लिहिला होता. तो मंजूर झाला असता तर तळें उद्यानविभागाच्या ताब्यांतून सुटलें असतें, आणि त्याबरोबर माळीमामाहि तळ्यापासून सुटले असते. अर्ज माझ्या टेबलाच्या खणांत आहे. तो पाठविण्याची मला आतां इच्छा उरलेली नाहीं.